कोणती सरासरी, कशाची बेरीज

नाशिक जिल्ह्यात संध्याकाळी कुणालाही विचारून बघा, आज उन्हाळ कांदा काय भावाने गेला. लासलगावचा आकडा एक, विंचूरचा दुसरा, पिंपळगाव बसवंतचा तिसरा. शिवाय एकाच आवाराचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव. यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या प्रश्नाचं खरं उत्तर असतो. फक्त तो प्रश्न कुणी पूर्ण उच्चारलेला नसतो.

डेटाबेसशी काळ्या पडद्यावरून, एकेक ओळ टंकून बोलायची सवय लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, ते याच कारणासाठी. तिथे प्रश्न पूर्ण उच्चारावाच लागतो. तयार सॉफ्टवेअरमध्ये 'सरासरी' नावाचं बटण असतं, ते दाबलं की आकडा येतो. कशाची सरासरी, किती नोंदींवरून, रिकाम्या नोंदींचं काय केलं, हे बटण बनवणाऱ्याने केव्हाच ठरवून टाकलेलं असतं. कमांड लाइनवर हे सगळं आपण ठरवायचं असतं.

निफाड तालुक्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचा डेटाबेस डोळ्यांपुढे आणू. पोस्टग्रेस या डेटाबेस-सॉफ्टवेअरवर चालणारा, आत तीन तक्ते. 'लिलाव' या तक्त्यात गाडीमागे एक ओळ: वेळ, शेतकरी, गाव, आवार, भाव. 'काटा' या तक्त्यात काटापट्टीवरचं निव्वळ वजन, किलोत. 'अदा' या तक्त्यात शेतकऱ्याला दिलेले पैसे. तक्त्यांची आणि रकान्यांची नावं खरोखरच देवनागरीत ठेवता येतात, पोस्टग्रेसला त्याचं वावडं नाही. मर्यादा एकच: नाव 63 बाइटांत बसलं पाहिजे, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून 21 चिन्हं. त्याहून लांब नाव दिलं तर तो एक सूचना छापतो आणि शेपूट कापून टाकतो.

बोलायचं साधन पीएसक्यूएल. ते पोस्टग्रेसबरोबरच येतं, वेगळं विकत घ्यायचं काही नाही. सुरू करताना उणे एच पुढे सर्व्हरचा पत्ता, उणे मोठा यू पुढे वापरकर्ता, उणे डी पुढे डेटाबेसचं नाव. पोर्ट सांगितला नाही तर तो 5432 धरतो. पासवर्ड दर वेळी टंकायचा नसेल तर घरच्या फोल्डरात डॉट-पीजीपास नावाची फाइल ठेवावी. लिनक्सवर तिची परवानगी 0600 पेक्षा, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल त्याहून, सैल असेल तर पीएसक्यूएल ती फाइल वाचतच नाही, इशारा देऊन पुढे जातो आणि पासवर्ड विचारत राहतो. एसक्यूएलचे, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचे, शब्द अर्थातच रोमन अक्षरांत टंकायचे; इथे मी ते उच्चाराप्रमाणे लिहितो आहे.

आत गेल्यावर दिसतात ती डेटाबेसच्या नावापुढची दोन-तीन चिन्हं. नवखी माणसं तिकडे बघत नाहीत, आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात. => दिसलं तर तुम्ही साधे वापरकर्ते. =# दिसलं तर तुम्ही सुपरयूजर, सगळे अधिकार असलेले, म्हणजे हात आवरून बसायचं. नुसता आकडा बघायला सुपरयूजर म्हणून आत जायचं काहीच कारण नाही. ओळ टंकून एंटर मारल्यावर -> आलं तर समजावं की शेवटी अर्धविराम राहिला, तो आणखी मजकुराची वाट बघतोय. '> आलं तर अवतरण उघडं राहिलंय, आणि (> आलं तर कंस. अशा वेळी घाबरून पुन्हा तीच ओळ टंकली की ती आधीच्या अर्धवट ओळीला जाऊन चिकटते आणि भलतीच चूक छापून येते. कंट्रोल-सी दाबावं, किंवा बॅकस्लॅश आर टंकून अर्धवट मजकूर पुसून टाकावा. अवतरण उघडं असेल तर मात्र आधी ते मिटवावं लागतं, नाहीतर बॅकस्लॅशही मजकुरातच जमा होतो. कंट्रोल-सी तिथेही चालतं.

पहिला प्रश्न आकड्याचा नसतो, आकाराचा असतो. बॅकस्लॅश डीटी म्हटलं की तक्त्यांची यादी. बॅकस्लॅश डी आणि पुढे तक्त्याचं नाव म्हटलं की रकाने, त्यांचे प्रकार, कुठला रकाना रिकामा चालतो, कुठल्या रकान्यावर निर्देशांक (लवकर शोधण्यासाठीची सूची) आहे, आणि खाली कुठला तक्ता कुणाकडे बोट दाखवतो, हे सगळं येतं. ही अर्ध्या पानाची माहिती सावकाश वाचायची. वजन पूर्णांकात आहे की दशांशात? वेळेच्या रकान्याला टाइम-झोन आहे का? 'अदा'मधला लिलाव-क्रमांक रिकामा राहू शकतो का? या तीन प्रश्नांची उत्तरं आधी माहीत असतील तर पुढच्या बहुतेक चुका टळतात. सुरू करताना उणे मोठा ई दिला, तर बॅकस्लॅशच्या आज्ञांमागे पीएसक्यूएल स्वतः कुठले प्रश्न विचारतो तेही दिसतं. ते वाचणं हा एसक्यूएल शिकायचा फार चांगला मार्ग आहे.

मग मोजणी. सिलेक्ट काउंट तारा, फ्रॉम लिलाव. एकूण ओळी किती, पहिली नोंद कधीची, शेवटची कधीची. बेरजेला हात घालण्याआधी हे करावंच.

आता भाव. समजा आवारात तीनच गाड्या आल्या. एक पिकअप 8 क्विंटलची, 2,100 रुपयांनी गेली. दुसरी 12 क्विंटलची, 1,900 ने. तिसरा ट्रॅक्टर 30 क्विंटलचा, माल जरा ओलसर, 1,400 ने. एव्हीजी भाव म्हटलं की उत्तर येतं 1,800. हे उत्तर चूक नाही, पण ते गाड्यांचं आहे, कांद्याचं नाही. भाव गुणिले वजन, त्यांची बेरीज, भागिले वजनांची बेरीज असं विचारलं तर 81,600 भागिले 50, म्हणजे 1,632. क्विंटलमागे 168 रुपयांचा फरक. आणि मधल्या गाडीचा भाव हवा असेल, तर पर्सेंटाइल-काँट 0.5 हे फंक्शन 1,900 सांगेल. तीन प्रश्न, तीन आकडे, तिन्ही खरे. संचालक मंडळापुढे कुठला ठेवायचा हे संगणक ठरवणार नाही. कंपनीला एकूण किती पैसे मोजावे लागले हे पाहायचं असेल तर 1,632. शेतकऱ्याला 'आज साधारण काय मिळालं' हे सांगायचं असेल तर माझ्या मते मधला भाव जास्त प्रामाणिक, आणि त्याच्या शेजारी किती गाड्यांवरून काढला तेही लिहावं.

याच हिशोबात एक खड्डा आहे. काट्यावरचं वजन किलोत, पूर्णांकात साठवलेलं असतं. क्विंटल करायला 100 ने भागलं की पोस्टग्रेस पूर्णांकाला पूर्णांकाने भागतो आणि अपूर्णांक टाकून देतो. 1,285 किलोचे 12 क्विंटल होतात. 85 किलो गायब. 1,600 च्या भावाने हे एका गाडीमागे 1,360 रुपये. चूक छापून येत नाही, इशारा येत नाही, फक्त बेरीज कमी येते. 100 ऐवजी 100.0 लिहिलं की भागिले खरं होतं. एसक्यूलाइटही असंच वागतं. मायएसक्यूएल मात्र तिरप्या रेघेने भागलं तर दशांशच देतो. एका डेटाबेसवर बरोबर असलेली ओळ दुसऱ्यावर जशीच्या तशी नेऊ नये, ती याचसाठी.

बेरीज कमी येण्यापेक्षा जास्त येणं अधिक धोक्याचं, कारण वाढीव आकडा सगळ्यांना आवडतो. 'लिलाव' आणि 'अदा' हे तक्ते जोडताना हे हमखास होतं. तिसऱ्या गाडीची रक्कम 42,000. शेतकऱ्याला थोडे रोख, बाकी आरटीजीएसने, असे दोनदा पैसे दिले. 'अदा'मध्ये दोन ओळी. दोन्ही तक्ते लिलाव-क्रमांकावर जोडले की गाडीची ओळ दोनदा येते, आणि तिच्या रकमेची बेरीज होते 84,000. जोडणी बरोबर आहे, बेरीजही बरोबर आहे, तरी उत्तर चूक. लोक यावर डिस्टिंक्टचा, म्हणजे सारखे आकडे एकदाच धरण्याचा, उतारा लावतात. सम डिस्टिंक्ट रक्कम म्हटलं की आकडा खाली येतो खरा, पण योगायोगाने दोन वेगळ्या गाड्यांची रक्कम सारखी असेल तर त्यातली एक बुडते. बरोबर पद्धत अशी: आधी 'अदा'ची बेरीज लिलाव-क्रमांकानुसार वेगळी करून घ्यायची, विथ लिहून तिला नाव द्यायचं, म्हणजे गाडीमागे एकच ओळ उरते, आणि मग जोडायची. जोडण्याआधी काउंट, जोडल्यावर काउंट. ओळी वाढल्या असतील तर बेरीज छापू नये. ओळी घटल्या असतील तर पैसे अजून न दिलेल्या, किंवा 'काटा' जोडला असेल तर काटापट्टी अजून न चढलेल्या, गाड्या साध्या जॉइनने, म्हणजे जोडणीने, गाळल्या असं समजावं. तिथे लेफ्ट जॉइन हवा, तो जोडीदार नसलेली ओळही ठेवतो.

रिकाम्या जागेचं, म्हणजे नलचं, आणखी वेगळं. कुणाचे पैसे अजून दिले नाहीत, हा प्रश्न शेतकरी कंपनीत रोज विचारला जातो. सहज सुचणारी ओळ अशी: 'लिलाव'मधून त्या नोंदी दे, ज्यांचा क्रमांक 'अदा'मध्ये नॉट इन आहे. आता 'अदा'मध्ये कुणाला दिलेली उचल असेल, जी कुठल्याच गाडीशी जोडलेली नाही, तर तिथला लिलाव-क्रमांक नल असतो. अशी एकच ओळ असली तरी नॉट इन शून्य नोंदी परत करतो. कारण नलशी तुलना केली की उत्तर हो नसतं, नाहीही नसतं, 'माहीत नाही' असतं. आणि 'माहीत नाही' असलेली ओळ वेअर, म्हणजे प्रश्नातला अटीचा भाग, पुढे जाऊ देत नाही. पडद्यावर येतं शून्य नोंदी. वाचणारा म्हणतो, चला, सगळ्यांचे पैसे चुकते झाले. शेतकरी तिकडे वाट बघतोय. नॉट इनच्या जागी नॉट एक्झिस्ट्स लिहिलं की हा प्रकार होत नाही, आणि माझं मत असं की दुसरीकडून आलेल्या यादीपुढे नॉट इन लिहायची सवयच सोडून द्यावी. शिवाय पीएसक्यूएलमध्ये नल एरवी नुसतीच मोकळी जागा दिसते, मोकळ्या अक्षरमालिकेसारखी. बॅकस्लॅश पीसेट नल म्हणून त्यासाठी एखादं चिन्ह नेमून द्यावं. डोळ्यांना दिसलं की मन विचार करतं.

वेळेचाही घोटाळा आपल्याकडे ठरलेला. सर्व्हर भाड्याचा असेल तर त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. गाड्या तर पहाटेपासून रांगेत. 15 तारखेला पहाटे पावणेपाचला आवारात शिरलेली गाडी यूटीसीत 14 तारखेच्या रात्री सव्वाअकराची ठरते. वेळेवरून तारीख काढून आवक मोजली की साडेपाचच्या आतल्या सगळ्या गाड्या आदल्या दिवशी पडतात, आणि बाजार बंद असलेल्या दिवशीही आवक दिसते. पीएसक्यूएलमध्ये शिरताच सेट टाइमझोन करून एशिया-कोलकाता सांगावं; वेळ टाइम-झोनसह साठवलेली असेल तर एवढ्याने भागतं. महिन्याचा हिशोब करताना बिटवीन 1 नोव्हेंबर अँड 30 नोव्हेंबर असं लिहू नये: शेवट 30 तारीख सुरू होते त्या मध्यरात्री 12 ला धरला जातो आणि त्या दिवसाच्या गाड्या सुटतात. 1 नोव्हेंबर किंवा नंतर, आणि 1 डिसेंबरच्या आधी, असंच विचारावं.

आता गावांची नावं. ग्रुप बाय गाव म्हणून यादी छापली की लासलगाव आणि लासलगांव ही दोन गावं निघतात, विंचूर आणि विंचुर ही दोन, आणि पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव (ब), पिंपळगाव ब. अशी तीन. हे निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारं जास्त छळतं. सुरगाणा तालुक्यातलं बाऱ्हे घ्या. कुणी कीबोर्डवर ऱ हे एकच अक्षर टंकलं, कुणाच्या कीबोर्डने र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं साठवली, कुणी र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून तोच आकार आणला. पडद्यावर तिन्ही सारखे. डेटाबेसला ती तीन वेगळी गावं. लेंग्थ गाव छापा: पहिल्याची लांबी 6, बाकी दोघांची 7. नुक्तावालं रूप नॉर्मलाइज या फंक्शनने ताळ्यावर येतं, ते पोस्टग्रेसच्या 13 व्या आवृत्तीपासून आहे. अदृश्य जोडचिन्ह त्याने जात नाही आणि नुसतं पुसलं तर र्ह असा रफार उरतो. तिथे र-हलन्त-जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ-हलन्त असं रिप्लेस करावं. सीएचआर 8205 म्हणजे ते जोडचिन्ह. मराठी माहितीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक हवं. इंग्रजीतल्या प्राथमिक धड्यांत ते सहसा सापडत नाही, आणि आपल्या याद्यांतली दुबार नावं बऱ्याचदा इथूनच येतात.

देवनागरी मजकूर पडद्यावर रकान्यांत नीट बसत नाही, जोडाक्षरांपाशी उभ्या रेषा सरकतात. त्यात माहितीचं काही बिघडलेलं नसतं, फक्त टर्मिनलचा अंदाज चुकतो. बॅकस्लॅश एक्स म्हटलं की एकेक नोंद उभी छापली जाते आणि वाचायला सोपं जातं.

1970 साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी तक्त्यांच्या रूपातली ही कल्पना मांडली, तेव्हा त्यातली मोठी गोष्ट ही होती की काय हवं तेवढं माणसाने सांगायचं, कसं शोधायचं ते यंत्राने बघायचं. 1974 मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी भाषा रचली, तीच आजची एसक्यूएल. पीएसक्यूएल आलं ते पोस्टग्रेस95 बरोबर. यंत्राने 'कसं' ठरवलं ते बघायचं असेल तर प्रश्नाच्या आधी एक्सप्लेन लिहावं. वेळेच्या रकान्यावर निर्देशांक असूनही सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्खा तक्ता ओळीमागून ओळ वाचणं, दिसला, तर बहुधा वेअरमध्ये रकान्यालाच फंक्शनमध्ये गुंडाळलेलं असतं: महिना काढून 11 शी तुलना केली की निर्देशांक कामाला येत नाही, तारखांची सरळ कक्षा दिली की येतो. एक्सप्लेन अॅनलाइझ मात्र प्रश्न खरोखर चालवतो. पुढे अपडेट असेल तर ते अपडेट झालेलंच असतं.

बदल करायची वेळ आली तर आधी बिगिन. चिन्ह =*> असं होतं; तारा दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग अपडेट, आणि खाली किती ओळी बदलल्या तो आकडा वाचायचा. विंचूरची 40 नावं सुधारायची होती आणि पडद्यावर अपडेट 18,000 आलं, तर वेअर राहून गेला. रोलबॅक टंकलं की सगळं जागच्या जागी. बरोबर असेल तरच कमिट, म्हणजे बदल पक्का. मधे काही चुकलं तर चिन्ह =!> होतं आणि त्यापुढे तो काहीही ऐकत नाही, रोलबॅक करावंच लागतं. आणि बिगिन करून जेवायला उठू नये. बदललेल्या ओळींवरची कुलुपं तशीच राहतात, काट्यावरच्या माणसाने तीच नोंद बदलायला घेतली की त्याचा पडदा गोठतो, आणि तो बिचारा इंटरनेटला दोष देत बसतो. नुसतं बघायचं असेल तर डीफॉल्ट ट्रान्झॅक्शन रीड ओन्ली ऑन करून बसावं. त्याहून बरं म्हणजे फक्त वाचायचा अधिकार असलेला वेगळा वापरकर्ताच बनवावा. पोस्टग्रेस 14 पासून त्यासाठी तयार भूमिका मिळते, पीजी-रीड-ऑल-डेटा.

उत्तर शेवटी एक्सेलमध्येच मागितलं जातं. बॅकस्लॅश कॉपीने सीएसव्ही फाइल आपल्या संगणकावर उतरते. बॅकस्लॅशशिवायची कॉपी सर्व्हरवर लिहिते, आणि तिथे बहुधा परवानगी नसते. बॅकस्लॅश कॉपीचा प्रश्न एकाच ओळीत बसवावा लागतो, दुसऱ्या ओळीवर गेला की चूक येते. लांब प्रश्न असेल तर आधी त्याचा व्ह्यू, म्हणजे नाव देऊन साठवलेला प्रश्न, करून ठेवावा. फाइल डबल-क्लिकने उघडली आणि शेतकऱ्यांची नावं कचऱ्यासारखी दिसली, तर ती सेव्ह न करता बंद करावी आणि एक्सेलच्या डेटा विभागातून आयात करताना 65001, म्हणजे यूटीएफ-8, निवडावं.

दर महिन्याला लागणारे प्रश्न हाताने पुन्हा टंकू नयेत. डॉट-एसक्यूएल फाइलमध्ये ठेवावेत आणि बॅकस्लॅश आय म्हणून चालवावेत. प्रत्येक प्रश्नाच्या डोक्यावर दोन उण्यांनी सुरू होणारी एक मराठी ओळ असावी: 'वजनानुसार सरासरी, काटापट्टी नसलेल्या गाड्या वगळून'. फाइलच्या पहिल्या ओळीत ऑन-एरर-स्टॉप लावावं, म्हणजे मधला प्रश्न फसला तर पीएसक्यूएल तिथेच थांबतो, उरलेले आकडे अर्धवट माहितीवर छापत सुटत नाही.